अकराव्या पानाच्या मोहिमेची बखर

श्री. प्रथम नमन सुईच्या नेढ्यास, ज्यातून अवघा संसार ओवला जातो. दुसरे नमन दोऱ्याच्या गाठीस. तिसरे नमन समस्त दफ्तरे, खिडक्या, शिक्के आणि मंजुऱ्या यांच्या अधिष्ठात्री देवीस, की माते, प्रसन्न नाही जाहलीस तरी चालेल, परंतु जागची थोडी हल. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यात जो प्रकार जाहला तो येथे लिहिला असे. राज्याचे नाव लिहू नये ऐसे हकीकत सांगणारांनी बजाविले, कारण त्यांचे आणखी तीन अर्ज अद्याप तेथे अडकून आहेत.

त्या राज्यी चित्कलाबाई हावळ म्हणोन एक कलावंत बाई नांदत होत्या आणि त्या पुस्तके करीत. लिहीत नव्हत्या, छापीत नव्हत्या, करीत होत्या. कापड घ्यावे, कागद घ्यावा, सुई घ्यावी आणि एकेका पुस्तकास दोन दोन वर्षे घालावी, आणि प्रत एकच. हा भेद लोकांस समजावता समजावता बाईंच्या नाकी नऊ आले होते. कोणी पुसे, "म्हणजे लेखिका का?" बाई म्हणत, "नाही." मग पुसे, "म्हणजे बाइंडिंग करता?" बाई म्हणत, "नाही." मग पुसणारा दयाळूपणे म्हणे, "असो, घरबसल्या काहीतरी चाललंय ते बरं," आणि बाई दातओठ खाऊन चहाचा कप पुढे करीत. संगतीस आणखी दोघी सरदारणी होत्या. हमीदाबाई मोमीन यांनी जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा करोन पाने भाकरीसारखी गोल थापिली होती, आणि मालविकाबाई रेगे यांनी ऐसे पुस्तक रचिले होते की उघडता उघडत जाई आणि मिटू म्हटले तर मिटेना. तिघींचा पण एकच, की आपली पुस्तके एकदा तरी राज्याच्या अजबखान्यात, ज्यास हल्ली म्युझियम म्हणतात, मानाने मांडली जावी आणि तेथे कोणी बाइंडिंगचे नाव काढू नये.

चित्कलाबाईंचे त्या सालचे पुस्तक त्यांच्या सख्ख्या आत्याचे होते. आत्याचे नाव राहीबाई, वय अठ्ठ्याहत्तर. पन्नास वर्षे शिवणयंत्रावर बसोन गावची पोलकी, परकर आणि शाळेचे गणवेश शिवले, आणि मग काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. बोटे मात्र शाबूत राहिली. म्हणोन बाईंनी मसलत केली की आत्याचे आयुष्य मांजरपाटाच्या एकवीस पानांवर शिवावे, अक्षर एकही नको, सर्व काम उंच टाक्यांचे, बोटांनी वाचता यावे ऐसे. कोठे लग्नातल्या शालूचा काठ, कोठे यंत्राचे चाक, कोठे गावच्या नदीचा घाट पायरी पायरीने, आणि अकराव्या पानावर एक झबले. हे झबले शेवंतीचे. शेवंती ही आत्याबाईंची एकुलती एक लेक. अकरा महिन्यांची होऊन तापाने गेली, त्यास अठ्ठेचाळीस वर्षे जाहली, आणि त्या दिवसापासून आत्याबाईंनी तिचे नाव काढले नाही, म्हणोन घरात दुसऱ्या कोणीही काढले नाही. चित्कलाबाईंनी ते पान आत्यास न पुसता शिवले. वरती कापडी झाकण घातले, ते नाडीने बांधले, आणि मनाशी ठरविले की पुस्तक प्रथम आत्याच्या मांडीवर ठेवावे, दहा पाने वाचू द्यावी आणि मग पुसावे, आत्ते, पुढचे सोडू का? नको म्हणाली तर नाडी आहेच.

इतक्यात अजबखान्याचा खलिता आला, की राज्यातील स्त्रियांनी केलेल्या पुस्तकांचे प्रदर्शन तीन महिने मांडणे आहे, तरी आठ दिवसांत पुस्तक हजर करावे, आणि पुस्तक अजबखान्यास कायमचे अर्पण केल्यास ते संग्रही ठेवून घेऊ. ऐसे वाचताच बाईंस आनंद मावेना, आणि येथे बाई चुकल्या. लिहिणारा त्यांच्या बाजूचा आहे तरी ही चूक झाकून ठेवीत नाही. आत्या गावी, गाव दीडशे कोसांवर, हाताशी आठ दिवस, आणि बाईंनी विचार केला की उद्‌घाटनास आत्याला आणू, तेथेच तिच्या हाती देऊ, आणि दानपत्रावर सही ठोकली. दानपत्र चार पानांचे होते. बाईंनी पहिले पान वाचले आणि चौथ्यावर सही केली, जैसे आपण सगळेच करितो.

मग अजबखान्यात तंटा उभा राहिला. ग्रंथशाखेने पुस्तक हाती घेतले आणि म्हटले की ह्यात अक्षर नाही, सबब हे पुस्तक नव्हे. चित्रशाखेने म्हटले की ह्यास चौकट नाही, सबब हे चित्र नव्हे. वस्त्रशाखेने काहीच म्हटले नाही, कारण वस्त्रशाखेत नऊ वर्षे कोणाची नेमणूकच जाहली नव्हती. हमीदाबाईंची गोल पाने तर एका कारकुनाने खाद्यसंस्कृतीच्या दालनात नेऊन ठेविली, ती सोडवून आणता आणता एक दिवस गेला. अखेरीस नोंदणीच्या अधिकारी पुष्पलताबाई धनावडे, ज्यांच्या कमरेस सर्व काचपेट्यांच्या किल्ल्या असत आणि ज्यांच्या कपाळावरील आठी त्यांच्या नोकरीइतकीच जुनी होती, त्यांनी वहीत लिहिले, 'पुस्तकसदृश वस्तू, नग एक', आणि तंटा मिटला. बाईंनी ते वाचले आणि कपाळावर हात मारून घेतला.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस उद्‌घाटन जाहले. आत्याबाईंस त्याच आठवड्यात खोकला धरला, म्हणोन त्या आल्या नाहीत, आणि चित्कलाबाई एकट्याच नवी साडी नेसून गेल्या. दालनात शिरतात तो काय पाहतात, की बोटांनी वाचावयाचे पुस्तक काचपेटीत बंद, पेटीस कुलूप, वरती 'स्पर्श करू नये' ऐशी पाटी, आणि पुस्तक नेमके अकराव्या पानावर उघडे. नाडी सोडलेली, झाकण मागे परतून टाचणीने नीट बसविलेले, आणि मध्यभागी शेवंतीचे झबले, वरून दिव्याचा झोत. बाईंनी पदर खोचला. त्या तशाच अजबखान्याचे अधिपती मुकुंदराव केळवकर यांच्यापुढे गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, ते पान मिटा. दुसरं कुठलंही उघडा."

मुकुंदराव मोठे अदबशीर गृहस्थ. ते म्हणाले, "बाई, आमच्याकडे कोणताही ग्रंथ बरोबर मध्यावर उघडून ठेवण्याची पद्धत आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना भार सारखा पडतो आणि पुस्तकाच्या पाठीवर ताण येत नाही. एकवीस पाने, मध्य अकरावे. आम्ही मोजून घेतले."

"अहो, पण हे मांजरपाट आहे! ह्याला कसला ताण? हे धुता येतं!"

हे ऐकताच मुकुंदरावांचा चेहरा उतरला आणि त्यांनी आजूबाजूस पाहून हळूच म्हटले, "धुता येतं, असं इथे पुन्हा बोलू नका." आणि पुढे म्हणाले, "शिवाय ते पान फार गोड दिसते. निमंत्रणपत्रिकेवर तेच छापले आहे." आणि पत्रिका बाईंच्या हाती दिली. तीवर झबले होते. दाराशी मोठा फलक होता, त्यावरही झबले, म्हशीएवढे मोठे. दुसरे दिवशी राज्यातील वर्तमानपत्रांनी तेच छापिले, आणि खाली लिहिले, 'आत्याच्या आठवणींचे हळवे पुस्तक'.

वर्तमानपत्र गावी पोहोचले. आत्याबाईंस दिसत नव्हते, पण शेजारणीस दिसत होते, आणि शेजारीण गप्प बसणारी नव्हती. तिने ओसरीवर बसोन आत्याबाईंस सांगितले की तुमच्या भाचीनं तुमच्यावरच्या पुस्तकातलं तान्ह्या पोरीचं झबलं पेपरात दिलंया, लई झ्याक आलंया. आत्याबाईंनी लागलीच चित्कलाबाईंस फोन लावविला, आणि तिसरे दिवशी चित्कलाबाई एष्टीने गावी दाखल जाहल्या, तो आत्या पाठ करून बसलेल्या.

"आत्ते," बाई म्हणाल्या, "मी आधी तुलाच दाखवणार होते. मी नाडीनं बांधलं होतं गं."

"कुणाला इचारून शिवलंस?"

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेविली.

"माझं लग्न दाखीव, माझी मशीन दाखीव, माझं डोळं गेल्यालं दाखीव, माझी काय ना न्हाई. पर ती माझी हाय. ती लोकांस्नी बघाय न्हाई." आत्याबाईंचा आवाज चढला. "किती दिस ठेवणार हाईत तिला तिथं उघडी?"

"तीन महिने."

"पान उलट जा. पान उलटल्याबिगर मला आत्या म्हणून हाक मारू नगंस."

आता ह्यात अवघड ते काय, ऐसे ऐकणारास वाटेल. एक पान. मांजरपाटाचे. दोन बोटांनी धरावे आणि पलीकडे टाकावे, लहान मूलही करील. पण पुस्तक दान केलेले, दानपत्राच्या तिसऱ्या पानावर, जे बाईंनी वाचले नव्हते, लिहिलेले की वस्तूच्या स्थितीत कोणताही बदल अजबखान्याच्या लेखी मंजुरीवाचून होणार नाही आणि कर्त्यानेही तीस हात लावू नये. म्हणजे दोन वर्षे ज्या बाईंनी बोटे टोचून घेतली त्यांनीच आता काचेबाहेर उभे राहावे. ऐशा रीतीने पान उलटण्याची मोहीम सुरू जाहली.

पहिला अर्ज बाईंनी साध्या कागदावर केला. पाचवे दिवशी उत्तर आले की अर्ज विहित नमुन्यात नाही. मग विहित नमुना मागितला, तर तो अजबखान्याच्या संकेतस्थळावर आहे ऐसे कळविले, आणि संकेतस्थळ पाहिले तर तेथे लिहिले की नमुना कार्यालयात मिळेल. मग बाई कार्यालयात जाऊन नमुना घेऊन आल्या आणि दुसरा अर्ज केला. नमुन्यात 'कारण' ऐसा रकाना होता, एका ओळीचा. बाईंनी पुष्कळ विचार करोन लिहिले, 'आत्याची इच्छा.' उत्तर आले की आत्या म्हणजे कोण, पुराव्यासह खुलासा करावा. तिसऱ्या अर्जास पुरावा जोडला. उत्तर आले की सदर व्यक्ती हयात आहे काय. बाईंनी चौथ्या अर्जावर लिहिले, 'आहे, आणि संतापली आहे.' हे उत्तर उद्धट ठरवून परत पाठविले. मग मालविकाबाईंनी भाषा गोड करून दिली आणि पाचवा अर्ज गेला, तेव्हा कळले की पान उलटणे हा स्थितीतील बदल असून त्यास तिघांची समिती लागते, आणि समितीतील एक गृहस्थ पुस्तकांच्या जतनावर व्याख्यान देण्यास परदेशी गेले आहेत. इकडे आत्याबाई फोन उचलीत, बाईंचा आवाज ऐकत, "उलटलं?" एवढेच पुसत, आणि बाई "नाही" म्हणताच ठेवून देत. बाईंनी सुईस हात लावणे सोडले. हमीदाबाई म्हणाल्या, "चितूबाई, आपण तिघी मिळून काच फोडू या," आणि ह्यात थट्टा किती आणि खरे किती हे त्यांच्या तोंडावरून समजेना.

सहाव्या अर्जाचे उत्तर आणावयास बाई स्वतः गेल्या, ते पुष्पलताबाई धनावडे यांच्या मेजापुढे. धनावडेबाईंनी मोठी फाईल उघडली आणि म्हणाल्या, "समितीने मान्य केलंय. पण पेटी उघडली की नियमाप्रमाणे आधी पूर्ण स्थिती-अहवाल करावा लागतो. प्रत्येक पान हाताळून तपासायचं, टाका उसवलाय का, कापड झिजलंय का. आणि वस्तू कापडी असेल तर तपासणी वस्त्रतज्ज्ञानेच करायची."

"मग बोलवा वस्त्रतज्ज्ञ."

"जागा नऊ वर्षं रिकामी आहे."

तेव्हा चित्कलाबाईंनी दोन्ही हातांनी मेज धरले, आणि पाच आठवडे जे गिळले होते ते सर्व बाहेर पडले. "अहो बाई, एक पान आहे ते! एक! तुमच्या घरी कॅलेंडरचं पान तुम्ही कोणाच्या मंजुरीनं उलटता? तिकडे एक म्हातारी माझ्याशी बोलेनाशी झालीय आणि तुम्ही मला रिकामी जागा दाखवता?"

आता धनावडेबाई रागावतील ऐसे बाईंस वाटले. परंतु धनावडेबाईंनी चष्मा काढून ठेविला आणि म्हणाल्या, "ओरडा. मलाही ओरडायचंय. नऊ वर्षं मी दर महिन्याला त्या जागेबद्दल पत्र लिहिते. एकालाही उत्तर नाही." मग धनावडेबाई नियमांचे पुस्तक काढून वाचू लागल्या आणि एके जागी बोट ठेवून म्हणाल्या, "इथे असं आहे, की कर्मचारी उपलब्ध नसल्यास बाहेरील अनुभवी व्यक्ती चालेल. किमान वीस वर्षांचा वस्त्रकामाचा अनुभव. कोणी आहे का तुमच्या ओळखीत?"

चित्कलाबाई म्हणाल्या, "पन्नास वर्षांचा चालेल?"

आत्याबाईंस आणणे सोपे नव्हते. चित्कलाबाईंनी खरे ते सांगितले, की तुझा हात लागल्यावाचून ते पान उलटत नाही, तेव्हा त्या "बघती तुमचा कारभार" म्हणोन निघाल्या. पौष वद्य षष्ठी, सोमवार, अजबखाना लोकांस बंद. दालनात चौघेच, मुकुंदराव, धनावडेबाई, चित्कलाबाई आणि आत्याबाई. कुलूप निघाले, काच उचलली, पुस्तक मिटून मेजावर आणिले, आणि मुकुंदरावांनी आत्याबाईंपुढे पांढरे हातमोजे धरिले. आत्याबाईंनी ते चाचपून पाहिले आणि पुसले, "हे कशाला?"

"नियम आहे, आजी. वस्तूला हाताचा घाम लागू नये म्हणून."

"हातमोजं घालून शिवण तपासाय आलं असतं, तर मी पन्नास वरसं उगंच बोटं टोचून घेतली म्हणायची."

मुकुंदरावांनी धनावडेबाईंकडे पाहिले. धनावडेबाईंनी आत्याबाईंच्या हाताकडे पाहिले आणि अहवालात लिहिले, 'मापाचे मोजे उपलब्ध नाहीत, सबब उघड्या हाताने तपासणी.' आणि मुकुंदरावांस खिडकीबाहेर काही महत्त्वाचे दिसले असावे, कारण ते तिकडे पाहत राहिले.

मग आत्याबाईंनी पुस्तक मांडीवर घेतले. पहिल्या पानावर बोटे फिरविली आणि म्हणाल्या, "हे आमचं दार. कडी उलट्या बाजूला हाय." धनावडेबाईंनी लिहिले. पुढच्या पानावर घाटाच्या पायऱ्या मोजल्या आणि म्हणाल्या, एक कमी. यंत्राच्या चाकाशी हसल्या. शालूचा काठ हाती लागला तेव्हा म्हणाल्या, "ही टीप वाकडी गेलीया, चितू. घाईत घातलीस." चित्कलाबाई उभ्या राहून ऐकत होत्या आणि मनात मोजत होत्या, आठ, नऊ, दहा. दहावे पान उलटले. बाई घाईने म्हणाल्या, "आत्ते, हे राहू दे. हे मी बांधून टाकते. आपण पुढचं घेऊ." आत्याबाईंनी त्यांचा हात बाजूस केला.

झबल्यावर बोटे पडली. गळ्यापासून निघाली, खांद्यावरून बाहीस गेली, बाहीची कड दोन वेळा चाचपली, खाली घेरापर्यंत आली आणि पुन्हा गळ्याशी गेली. तेथे एक काज होते आणि बटण नव्हते.

"बटन का न्हाई लावलंस?"

"तू लावलं नव्हतंस ना," बाई म्हणाल्या. "वाढदिवसाला शिवत होतीस. बटण राहिलं होतं."

"तुला कुणी सांगितलं?"

"बाबांनी. जायच्या आधी आजारपणात एकदा बोलले. ते म्हणाले, ते झबलं पिवळं होतं."

"पिवळंच व्हतं," आत्याबाई म्हणाल्या. बोट काजावरच होते. मग म्हणाल्या, "माझ्या भावाच्या ध्यानात व्हतं तर. मला वाटलं माझ्याबिगर कुणाच्याच ध्यानात न्हाई."

धनावडेबाईंनी उरलेली दहा पाने तपासून घेतली आणि पेन उचलून पुसले, "आजी, आता सांगा. कोणतं पान उघडं ठेवू?"

"हेच."

"हेच म्हणजे?"

"अकरावं. उलटू नगासा. व्हतं तसं ठेवा."

"आत्ते!" चित्कलाबाई एवढ्याने ओरडल्या की मुकुंदराव खिडकीपासून वळले. "अगं, सहा अर्ज! समिती! तू माझ्याशी बोलायची सोडलीस! मी त्या कारकुनांपुढे नाक घासलं, आणि आता म्हणतेस व्हतं तसं ठेवा?"

"वरडू नगंस," आत्याबाई म्हणाल्या. "मला वाटलं लोकं येत्यात आन्‌ तिची कीव करत्यात. कीव कराया काय न्हाई हितं. झबलं हाय, चांगलं शिवलंया. किती दिस ऱ्हायलं म्हणालीस?"

"दीड महिना."

"अकरा महिनं व्हती ती माणसांत. आणिक दीड महिना ऱ्हाऊ दे."

चित्कलाबाई मटकन खुर्चीवर बसल्या. रागही होता आणि रडूही येत होते, आणि दोन्हींतून कोणते आधी काढावे ते त्यांस समजेना. धनावडेबाईंनी नाक पुसले, अहवालात लिहिले, 'स्थिती उत्तम, बदल नाही', आणि मग खाली वस्त्रतज्ज्ञाच्या सहीची जागा आली. "आजी, तुमचं पूर्ण नाव काय लिहू?"

आत्याबाईंनी अंगठ्यास शाई लावून घेतली होती. तो तसाच हवेत धरून त्या म्हणाल्या, "शेवंतीची आई, आसं लिव्हा."

मुकुंदरावांनी हे नियमात बसते की नाही ऐसे पुसावयास तोंड उघडले, आणि धनावडेबाईंनी त्यांच्याकडे जी नजर टाकली त्यासरशी ते मिटले. तसेच लिहिले. त्याखाली अंगठा पडला.

येणेप्रमाणे अकराव्या पानाची मोहीम मार्गशीर्षात सुरू होऊन पौषात समाप्त जाहली. अर्ज सहा, खलिते आठ, समिती एक, आणि पान जेथे होते तेथेच आहे. वस्त्रशाखेची जागा अद्याप रिकामी. पाहणारांस विनंती की फाल्गुन शुद्ध पंचमीपर्यंत केव्हाही जावे आणि शेवंतीस भेटावे. सोमवारी बंद असते.